घर सोडायची वेळ आधीच ठरवा: वणव्याच्या प्रदेशात राहणाऱ्यांसाठी

८ नोव्हेंबर २०१८. सकाळी साडेसहाच्या सुमारास कॅलिफोर्नियातल्या एका डोंगराळ खोऱ्यात विजेच्या तारांमुळे आग लागली आणि आठच्या आसपास ती पॅराडाइज गावात शिरलीसुद्धा. पाऊस लांबला होता, वारा सुसाट होता. ८५ माणसं गेली, १८ हजारांहून जास्त घरं-इमारती जळाल्या. गेलेल्यांत म्हातारी माणसं फार होती. अनेकांना गाव सोडण्याचा अधिकृत निरोप मिळालाच नाही.

हे आधी सांगते, कारण ‘निरोप आला की निघू’ हा बेत बहुतेक घरांत असतो आणि तोच सर्वांत धोक्याचा आहे. कधी निघायचं हे आग दिसण्याआधी, शांत डोक्याने, घरातल्या सगळ्यांनी मिळून ठरवून ठेवायचं असतं. या लेखातलं बाकी सगळं त्या एका निर्णयाच्या सोबतीला आहे.

## आग कशी येते

‘सुक्याबरोबर ओलंही जळतं’ ही म्हण दुष्काळी प्रदेशात अक्षरशः खरी ठरते. हिरव्या झाडात पाणी असतं. ते उडून जाईपर्यंत झाड पेट घेत नाही आणि त्यात आगीची बरीच उष्णता खर्च होते. दोन-तीन वर्षं पाऊस कमी झाला की पानांतलं पाणी घटतं, आणि दिसायला हिरवं झुडूपही भर्रकन पेटतं. वाळलेल्या गवताचा हिशेब तर तासांचा आहे. साधारण तासाभरात ते भोवतालच्या हवेइतकं कोरडं होतं. म्हणून रात्री चार थेंब पडले तरी दुसऱ्या दुपारी गवत पुन्हा जळायला तयार असतं. जाड ओंडक्यांना वाळायला महिने लागतात, पण एकदा वाळले की ते कित्येक दिवस आतल्या आत धुमसत राहतात.

धोक्याचा दिवस ओळखायला युरोपात एक साधा ठोकताळा वापरतात: तापमान ३० अंशांच्या वर, हवेतली आर्द्रता ३० टक्क्यांच्या खाली, वारा ताशी ३० किलोमीटरच्या वर. तिन्ही एकत्र आले की लहानशी ठिणगीही आवरत नाही. त्या दिवशी गवत कापायचं यंत्र, वेल्डिंग, वाळक्या गवतावर उभी केलेली गरम गाडी, सगळं टाळा.

चढावर आग जोरात पळते, कारण ज्वाळा वरच्या गवताला आधीच तापवून ठेवतात. उतार दर १० अंशांनी वाढला की वेग साधारण दुप्पट होतो. घर टेकडीच्या माथ्यावर किंवा घळीच्या तोंडाशी असेल, तर तुमच्याकडे शेजाऱ्यांपेक्षा कमी वेळ आहे असं धरूनच चाला. आणि वारा दिशा बदलतो. ७ फेब्रुवारी २००९ रोजी ऑस्ट्रेलियातल्या व्हिक्टोरिया राज्यात संध्याकाळी वारा फिरला आणि आगीची लांबच लांब कडा एका झटक्यात आघाडी बनली. दुपारपर्यंत आगीच्या बाजूला असलेली गावं तिच्या तोंडाशी आली.

पण घरं जळतात ती बहुतेक वेळा ज्वाळांच्या भिंतीने नव्हे, तर उडत्या निखाऱ्यांनी. पॅराडाइजची छायाचित्रं पाहिलीत तर हे लगेच पटतं: घराच्या जागी राखेचा चौकोन, आणि शेजारी पाइनची झाडं हिरवीगार उभी. निखारे आगीच्या एक-दोन किलोमीटर पुढे सहज पडतात. पडल्यावर त्यांना जे मिळतं, त्यावर त्या घराचं भवितव्य ठरतं.

## भिंतीपासून दीड मीटर

वेळ आणि ताकद थोडी असेल तर ती इथे लावा. लांबचं जंगल साफ करायच्या मागे लागून लोक थकतात आणि दारातली पायपुसणी तशीच राहते.

शिडी लावून पन्हळीत हात घाला. तळाशी वर्षभराची पानं साचलेली असतात. मुठीत दाबली तर तपकिरीसारखा भुगा होतो. वरून छपराची कड, आतून लाकडी वासे. या भुग्यात पडलेला निखारा विझत नाही, आधी लालसर धुमसतो आणि मग वाऱ्याने फुलतो. छपराच्या कौलांखालच्या फटी, वळचण, दोन उतार मिळतात ती खोबण, जिन्याखालचा कोपरा, या सगळ्या जागांची हीच गत. मला विचाराल तर वारा पाला नेऊन जिथे जमवतो, तिथेच तो निखारेही जमवणार. वादळी वाऱ्यानंतर घराभोवती एक फेरी मारा आणि पाला कुठे साठलाय ते बघा. तोच तुमच्या कामाचा नकाशा.

भिंतीपासून दीड मीटरच्या पट्ट्यात जळणारं काहीही नको: झाडांच्या सालींचा थर, वाळकी रोपं, सरपण, पुठ्ठे, प्लॅस्टिकच्या खुर्च्या, खिडकीखालची शोभेची झुडपं. तिथे खडी, फरशी किंवा उघडी माती ठेवा. लाकडी कुंपण थेट भिंतीला टेकत असेल तर शेवटचा तुकडा धातूचा करा, कारण कुंपण वातीसारखं जळत घरापर्यंत येतं.

माळ्याचे आणि जोत्याचे झरोके हे दुसरं दार. त्यांना ३ मिलिमीटर किंवा त्याहून बारीक छिद्रांची धातूची जाळी बसवा. प्लॅस्टिकची जाळी वितळते.

दीड ते नऊ मीटरच्या पट्ट्यात गवत बोटभर उंचीचं ठेवा, झाडांच्या खालच्या फांद्या छाटा, झाडाखाली झुडूप राहू देऊ नका. आग जमिनीवरून शेंड्यापर्यंत चढते ती याच पायऱ्यांनी. सरपण आणि गॅसच्या टाक्या घरापासून निदान नऊ मीटर दूर. त्यापुढे तीस मीटरपर्यंत झाडाझुडपांचे गट एकमेकांपासून तोडलेले असले की पुरे. सगळं बोडकं करायची गरज नाही. उतारावरची माती उघडी पडली तर पुढच्या पावसात तीच वाहून खाली येईल.

दुष्काळात पाण्याचा प्रश्न येतोच. सगळी बाग जगवण्याइतकं पाणी नसतं. मग घराजवळची मोजकी झाडं जगवा आणि जे वाळलं ते लगेच काढा. मेलेलं झाड पाऊस पडल्यावर जगेल या आशेवर भिंतीशी उभं ठेवू नका. जीव तुटतो, माहीत आहे.

## निघण्याची खूण कागदावर लिहा

व्हिक्टोरियात फेब्रुवारी २००९ च्या त्या शनिवारी १७३ माणसं गेली, त्यातली ११३ घरांच्या आत. ‘बघू काय होतंय’ म्हणून थांबलेले त्यांत बरेच होते. त्यानंतर तिथे धोक्याची एक नवी, सर्वांत वरची पातळी ठरवली गेली. त्या दिवशी आधीच निघून जाणं हाच सुरक्षित मार्ग, असं सरकार स्पष्ट सांगतं.

बहुतेक ठिकाणी इशारे तीन पायऱ्यांनी येतात: तयार राहा, कोणत्याही क्षणी निघायला सज्ज राहा, आता निघा. तुमच्या भागातल्या पायऱ्यांची नावं आणि अर्थ आजच माहीत करून घ्या. तिसऱ्या पायरीला आपल्यासाठी राखलेली वेळ समजू नका. ऑस्ट्रेलियात सर्वांत वरचा इशारा कधीकधी असा असतो: आता निघायला उशीर झाला आहे, आसरा घ्या.

म्हणून आपल्या खुणा आपण ठरवायच्या. कागदावर लिहून दारामागे चिकटवा. अशा काहीशा:

– आगीच्या तीव्र इशाऱ्याचा दिवस असेल, तर घरातली म्हातारी, गरोदर, आजारी माणसं, तान्ही मुलं आणि मोठी जनावरं आदल्या रात्री किंवा सकाळी लवकर हलवायची. आग कुठेच नसली तरी.
– अमुक कडा, नदी किंवा रस्ता आगीने ओलांडला की सगळे निघायचं. इथे नेमकं नाव लिहा.
– दुसऱ्या पायरीचा इशारा आला की गाडी सुरू.
– वीज गेली, फोन बंद पडला आणि धुराचा वास आहे, तर निरोपाची वाट न पाहता निघायचं.

शेवटच्या खुणेचं कारण असं की निरोप पोचवणारी यंत्रणाच आगीत जळते. फोनचे मनोरे पडतात, वीज जाते. ८ ऑगस्ट २०२३ रोजी हवाईतलं लाहैना गाव जळालं, तेव्हा धोक्याचे भोंगे होते, पण वाजवले गेले नाहीत. तारा पडून रस्ते अडले आणि लोकांनी समुद्रात उड्या घेतल्या. बॅटरीवर चालणारा रेडिओ ठेवा, आणि शेजारच्या दोन घरांशी ठरवून घ्या की जो आधी निघेल त्याने दार ठोठवायचं. एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्या शेजाऱ्याला कोण नेणार, हेही नावानिशी ठरवा. ‘कोणीतरी नेईल’ म्हटलं की कोणीच नेत नाही.

लवकर निघालात आणि आग आलीच नाही, तर एक दिवस वाया गेला असं मानू नका. तो सराव झाला.

## पिशवी आणि सराव

पिशवीच्या याद्या खूप मिळतात, त्यामुळे इथे चुकतं तेवढंच सांगते.

औषधं आठवड्याभराची तरी हवीत, सोबत औषधांच्या चिठ्ठीचा फोटो. जुना, पण चालणारा चष्मा. ओळखपत्रं, घराची आणि विम्याची कागदपत्रं यांच्या प्रती, फोनमध्ये आणि फोनबाहेरही. महत्त्वाचे फोन नंबर कागदावर. पाणी, टॉर्च, चार्जर, थोडी रोख रक्कम, कारण वीज नसली की कार्ड चालत नाही. प्रत्येकासाठी सुती किंवा लोकरी पूर्ण बाह्यांचे कपडे, पूर्ण बंद चामडी बूट आणि एक जाड लोकरी घोंगडी. नायलॉन आणि पॉलिएस्टर उष्णतेने वितळून कातडीला चिकटतात. हाच नियम जनावरांनाही: घोड्याच्या तोंडावर नायलॉनची म्होरकी ठेवू नका, चामड्याची किंवा सुती घाला.

याच आठवड्यात दहा मिनिटं काढून फोनवर घराचा व्हिडिओ करा. प्रत्येक खोली, प्रत्येक कपाट उघडून, बोलत बोलत: हे काय, कधी घेतलं. घर जळाल्यावर विम्यासाठी स्वयंपाकघरातल्या वस्तू आठवून लिहायला बसणं किती जड जातं, ते त्या प्रसंगातून गेलेल्यांना विचारा. व्हिडिओ घराबाहेर कुठेतरी साठवा.

आता सराव. एका रात्री, दिवे बंद करून, घड्याळ लावा: माणसं, पाळीव प्राणी, पिशव्या, गाडी. किती मिनिटं? पहिल्यांदा हा सराव केला तेव्हा मांजर पकडण्यातच आमची वीस मिनिटं गेली. तेव्हापासून तिचा पिंजरा माळ्यावर नाही, खोलीत उघडा असतो. ती त्यातच झोपते.

गॅरेजचं दार विजेवर उघडत असेल तर ते हाताने उघडून बघा. दार उघडणाऱ्या यंत्राच्या रुळाजवळ एक दोरी लोंबत असते, बहुधा लाल मुठीची. ती ओढली की दार यंत्रापासून सुटतं आणि हाताने वर करता येतं. दार जड असतं, म्हणून घरातल्या सर्वांत अशक्त माणसाकडूनही हे एकदा करवून घ्या. २०१७ च्या कॅलिफोर्नियातल्या वणव्यांत वीज गेल्यावर काही जण हे दार उघडू न शकल्यामुळे दगावले. त्यानंतर तिथे दार उघडणाऱ्या अशा नव्या यंत्रांना बॅटरी असण्याची कायद्याने सक्ती झाली.

बाहेर पडायचे निदान दोन रस्ते गाडीने जाऊन पाहा आणि कागदी नकाशावर खुणा करा. वणव्याच्या मोसमात इंधनाची टाकी अर्ध्याच्या खाली जाऊ देऊ नका.

## शेवटचा अर्धा तास

हा वेळ मिळाला तरच. नाहीतर सोडून द्या आणि निघा.

आधी अंगावरचे कपडे बदलून पिशवीतले सुती किंवा लोकरी कपडे घाला. गाडी तोंड रस्त्याकडे करून उभी करा, सामान आणि प्राणी आत, काचा बंद. मग घर: सगळ्या खिडक्या आणि आतली-बाहेरची दारं बंद करा, पण बाहेरच्या दारांना कुलूप लावू नका. बाहेरच्या खुर्च्या, पायपुसणी, कुंड्या आत घ्या किंवा लांब फेका. पातळ पडदे काढा, सोफे-गाद्या खिडकीपासून खोलीच्या मध्यावर ओढा, कारण तापलेली काच ओलांडून उष्णता आत येते. गॅस मुख्य नळाशी बंद. पंखे, एसी बंद. एक-दोन दिवे चालू ठेवा म्हणजे धुरातही अग्निशमन दलाला घर दिसेल. भिंतीला शिडी टेकवून ठेवा.

बागेचे नळ आणि फवारे सुरू ठेवून जाऊ नका. चांगल्या मनाने लोक ते करतात, पण दुष्काळात आधीच क्षीण असलेला पाण्याचा दाब आणखी पडतो आणि दलाच्या नळीला पाणी मिळत नाही.

मोठी जनावरं नेता आली नाहीत तर गोठ्यात कोंडू नका. चरून उघड्या झालेल्या मोठ्या रानात सोडा आणि फाटक असं बांधा की ती परत गोठ्याकडे येऊ शकणार नाहीत. घाबरलेला घोडा जळत्या तबेल्यातही शिरतो, कारण तीच त्याची ओळखीची जागा असते.

## रस्त्यावर अडकलात तर

१७ जून २०१७ रोजी पोर्तुगालमधल्या पेद्रोगाओ ग्रांदच्या वणव्यात ६६ जण गेले. त्यातले निम्म्याहून जास्त एकाच रस्त्यावर आणि त्याच्या आसपास, गाड्यांत किंवा गाडी सोडून पळताना. लवकर निघा, असं इतकं का म्हणते ते इथे कळेल. २०१६ मध्ये कॅनडातलं फोर्ट मॅकमरे गाव रिकामं झालं, तेव्हा ८० हजारांहून जास्त माणसं जवळजवळ एकाच महामार्गाने बाहेर पडली आणि ज्वाळांनी त्यांतल्या कोणाचा जीव घेतला नाही. पण एक अपघात झाला आणि दोन जण त्यात गेले. हेडलाइट लावा, वेग कमी ठेवा, पुढच्या गाडीपासून अंतर ठेवा. दाट धुरात मागे वळायचा प्रयत्न जिवावर बेततो.

रस्ता पुढे-मागे बंद झाला तर घाबरून उतारावर किंवा झाडीत पळू नका. उघडी जागा शोधा: डांबरी वाहनतळ, जळून गेलेलं रान, नांगरलेलं शेत. झाडं आणि विजेच्या तारांपासून दूर गाडी थांबवा, दिवे चालू ठेवा, काचा आणि हवेची झडप बंद करा. सगळे खिडकीच्या पातळीखाली वाका, लोकरी घोंगडी अंगावर घ्या, पाणी प्या. ज्वाळा जाईपर्यंत बाहेर पडू नका. आत फार गरम होतं, धूर शिरतो, आवाज भयानक असतो, पण आगीची आघाडी सहसा काही मिनिटांत पुढे सरकते. उघड्यावर पळणाऱ्यापेक्षा गाडीत वाचण्याची शक्यता जास्त, आणि पक्क्या इमारतीत त्याहून जास्त. तरी हा शेवटचा उपाय आहे, बेत नव्हे.

## आग लांब, धूर घरात

धूर शेकडो किलोमीटर जातो. त्यातले पीएम २.५ कण, म्हणजे २.५ मायक्रोमीटरपेक्षा लहान, फुप्फुसात खोल उतरतात. केस त्यांच्या साधारण तीस पट जाड असतो. रुमाल, ओला टॉवेल, साधी कापडी पट्टी त्यांना अडवत नाही. एन-९५ मुखपट्टी अडवते, मात्र चेहऱ्याला घट्ट बसली तरच, आणि धुरातले वायू तिनेही थांबत नाहीत.

घरात एक खोली स्वच्छ हवेची ठेवा: कमी खिडक्यांची, फटी ओल्या टॉवेलने किंवा चिकटपट्टीने बंद केलेली. त्यात हवा शुद्ध करणारं यंत्र लावा. ते नसेल तर चौकोनी पंख्याला चांगल्या प्रतीचे गाळणी-फिल्टर चौकटीसारखे चिकटवून काम भागतं. पंखा चालू असताना खोलीत कोणीतरी जागं असावं. त्या काळात तळण, मेणबत्ती, सिगारेट बंद. बाहेर उकडत असेल आणि खिडक्या बंद करून आत जीव गुदमरत असेल, तर घरात अडून बसू नका. थंड आणि स्वच्छ हवेच्या ठिकाणी जा. उष्माघातही जीव घेतो.

## परतल्यावर

परवानगीशिवाय परतू नका. पडलेली प्रत्येक तार जिवंत आहे असं समजा. झाडांची मुळं जमिनीखाली जळून पोकळ झालेली असतात. वरून राख सपाट दिसते आणि पाय निखाऱ्यात जातो. काठीने ठोकत चला. घर उभं असेल तर दोन-तीन दिवस दर काही तासांनी माळा आणि पन्हळ तपासा, धुमसता निखारा उशिरा पेटतो.

जळलेल्या घरांच्या राखेत शिसं आणि इतर विषं असतात. एन-९५, हातमोजे, बूट आणि पूर्ण बाह्यांचे कपडे घालूनच हात लावा, आधी पाणी शिंपडा, झाडू किंवा पाला उडवायचं यंत्र वापरू नका. मुलांना त्या जागी नेऊ नका. काहीही हलवण्याआधी विम्यासाठी फोटो काढा. वीज बराच काळ नव्हती तर फ्रिज उघडून साफ करत बसू नका; दार चिकटपट्टीने बंद करून तसाच बाहेर काढा.

नळाचं पाणी अधिकाऱ्यांनी सांगेपर्यंत पिऊ नका. २०१७ मध्ये सांता रोझा आणि २०१८ मध्ये पॅराडाइजला आगीनंतर नळयोजनेत बेंझीन सापडलं. ते उकळून जात नाही. उलट वाफेबरोबर घरातल्या हवेत मिसळतं.

आणि ज्या पावसाची इतके महिने वाट पाहिली, त्याच्यावर नजर ठेवा. वणव्यानंतर मातीवर मेणासारखा थर धरतो, पाणी मुरत नाही, झाडं-मुळं नसतात. डिसेंबर २०१७ च्या वणव्यात डोंगर जळाले आणि ९ जानेवारी २०१८ च्या पहाटे कॅलिफोर्नियातल्या माँटेसिटोवर चिखल आणि दगडांचा लोंढा आला. २३ माणसं गेली. घर जळलेल्या उताराच्या पायथ्याशी असेल, तर निदान पुढची दोन वर्षं जोराच्या पावसाचा अंदाज आला की त्या रात्री उताराच्या बाजूच्या खोलीत झोपू नका, आणि निघायला सांगितलं तर त्याच पिशव्या घेऊन निघा. त्या रिकाम्या करू नका.